दोन सीटची गाडी

मी मूळची खटाव तालुक्यातली. लग्न झाल्यापासून अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात राहते. दर दोन वर्षांनी माहेरी येते. यावेळी केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, तुम्ही दोघांनी समुद्राच्या कडेनं गाडी घेऊन जो प्रवास केला, त्यावर बोला. मी म्हटलं, कामाच्या रगाड्यात बायका हे ऐकतील का? तर त्यांनी बचत गटांच्या बैठकांत विषय सांगितला आणि प्रश्नच गोळा करून आणले. वहीचं पान भरलंय. त्या प्रश्नांच्या वाटेनंच सांगते.

पहिला प्रश्न, "छत नसलेली गाडी घ्यायचीच कशाला?" हाच प्रश्न मी आमच्या ह्यांना विचारला होता. २०१८च्या ऑगस्टात मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मुलगा मुंबई-पुण्याला कामाला गेल्यावर घर कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. जेवताना नुसता ताटांचा आवाज. अशात एक दिवस हे जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. माझदा कंपनीची मियाटा. १९८९ साली निघालेली ही जपानी गाडी आहे आणि छत उघडणाऱ्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत जगात सगळ्यात जास्त खपलेली. दिसायला लहान, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. कापडी छत हातानं मागं ढकललं की वर आभाळ. मागं सीट नाही. डिकीत एक बॅग आणि एक पिशवी मावते. मी म्हटलं, "अहो, पाहुणे आले तर बसवणार कुठं?" हे म्हणाले, "अगं, आता कोण येतंय?"

२०१९च्या एप्रिलच्या शेवटी पाच दिवसांची रजा काढून आम्ही निघालो. रस्त्याचं नाव हायवे वन, म्हणजे एक नंबरचा महामार्ग. हजार किलोमीटरच्या वर लांबी आहे, आणि बराचसा रस्ता प्रशांत महासागराला लागून जातो. आम्ही उत्तरेकडून दक्षिणेला लॉस एंजेलिसपर्यंत गेलो आणि परत आतल्या रस्त्यानं आलो. जाऊन-येऊन तेराशे किलोमीटरच्या आसपास झाले असतील.

"गाडीत गप्पा काय मारल्या?" असं एकीनं विचारलंय. बाई, काही नाही. छत उघडं असलं की वारा इतका कानात घुसतो की शेजारचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. मी ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळून बसले होते, आपण स्कूटीवर बसतो तशी. पण अशा गाडीत एक होतं. ती जमिनीलगत आणि उघडी, त्यामुळं रस्त्याकडेचं सगळं अंगावर येतं. शेणखताचा वास येतो, ओल्या मातीचा येतो, शेतात कुणी रेडिओ लावला असेल तर गाणंसुद्धा ऐकू येतं.

पहिल्या दिवशी वॉटसनव्हिल नावाच्या गावाजवळ स्ट्रॉबेरीची शेतं लागली. आपल्या महाबळेश्वरात कॅमारोसा नावाची स्ट्रॉबेरी लावतात ना, ती जात मुळात कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठानं काढलेली. डोळे पोचतील तिथपर्यंत वाफे, आणि वाफ्यावाफ्यात वाकलेल्या बाया. बहुतेक सगळ्या मेक्सिकोतून आलेल्या. तोंडाला फडकी बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. एकीनं मान वर करून आमच्या गाडीकडं पाहिलं. तिचं फडकं आणि माझी ओढणी सारखीच बांधलेली. तिनं हात केला, मीही केला. ती उन्हात वाकलेली आणि मी हौसेनं फिरतेय, हे काही मला गोड लागलं नाही, ते तुम्हाला सांगून टाकते.

त्या शेतांच्या बांधावर चाकं लावलेले संडास उभे होते, हात धुवायच्या पाण्यासकट. तिथं तसा कायदा आहे. वीस मजुरांमागं एक संडास, बायकांचा वेगळा, आणि कामाच्या जागेपासून पाच मिनिटं चालण्याच्या आत. हे आपसूक झालेलं नाही. तिथल्या शेतमजुरांना मोठे लढे द्यावे लागले. त्या भागात पूर्वी भाजीच्या शेतात विरळणीला हातभर लांबीचं कुदळं देत, म्हणजे दिवसभर कमरेत वाकूनच काम. मुकादमाला ते सोयीचं होतं. लांबून नजर टाकली की उभं कोण राहिलंय ते लगेच कळायचं. कमरा कायमच्या गेल्या माणसांच्या. १९७५ साली राज्यानं ते अवजार बंद केलं. खुरपणी करणाऱ्या बाईला ह्यात काय आहे ते मी वेगळं सांगत नाही.

यातच "बाथरूमला कुठं गेलात?" ह्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आलं. तीन वेगवेगळ्या गटांनी हा प्रश्न विचारलाय आणि मला तो सगळ्यात शहाणा वाटला. रस्त्यात सरकारी उद्यानं आहेत, तिथं सोय असते. डोंगराच्या पट्ट्यात मात्र लांब लांब काही नाही, मोबाईलला रेंजही नाही. तिथं मी पाणी बेतानं पीत होते. एसटीनं मुंबईला जाताना आपण करतो तेच.

आता त्या डोंगराच्या पट्ट्याचं. त्याला बिग सूर म्हणतात. कार्मेल गावापासून सॅन सिमियनपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. एका बाजूला सरळ उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये कोरून काढलेला दोन गाड्यांचा रस्ता. आंबेनळी घाट डोळ्यांसमोर आणा आणि दरीच्या जागी समुद्र ठेवा. हा रस्ता मुळात हौशी लोकांसाठी सुचलेला नाही. १८९४ साली तिथं एक बोट फुटली. जखमींपर्यंत पोचायला जॉन रॉबर्ट्स नावाच्या डॉक्टरला घोड्याच्या गाडीनं साडेतीन तास लागले. पुढं १८९७ साली त्यानं सगळा किनारा पायी चालून रस्ता कुठून नेता येईल त्याचा नकाशा केला, आणि सरकारच्या मागं लागला. रस्ता पुरा व्हायला १९३७ साल उजाडलं. कामाला तुरुंगातले कैदी लावले होते. त्यांना दिवसाची मजुरी थोडे सेंट, वर शिक्षेत सूट.

एवढं करून दरडी कोसळायच्या त्या कोसळतातच. २०१७च्या फेब्रुवारीत तिथला एक पूल खचला. शाळेतल्या पोरांना आणि किराणा आणणाऱ्यांना जंगलातल्या पायवाटेनं ये-जा करावी लागली. मे महिन्यात तर अख्खा डोंगर रस्त्यावरून समुद्रात गेला. सव्वा वर्षानं, २०१८च्या जुलैत रस्ता परत सुरू झाला. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या नव्या डांबराचा रंग वेगळा दिसत होता.

तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग डाव्या हाताला असतं. आम्ही दक्षिणेकडं चाललो होतो, म्हणजे समुद्र उजवीकडं आणि समुद्राच्या बाजूला मी. गाडी बुटकी, दार खाली, कठडा कुठं आहे, कुठं नाही. माझ्या कोपरापासून पुढं काहीच नव्हतं, एकदम खाली फेसाळ पाणी. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जिथं ब्रेक नाहीच तिथं. "हळू, अहो हळू," एवढंच मी म्हणत होते. हे म्हणत होते, "हळूच चाललोय." आणि खरंच हळूच चालले होते. गाडी चालवणाऱ्याला पुढचं वळण आधीच कळलेलं असतं. शेजारी बसलेल्याला ते अंगावर आल्यावर कळतं.

बिक्सबी नावाचा पूल आहे, १९३२ साली बांधलेला. एकाच मोठ्या कमानीवर उभा, खाली ऐंशी मीटर खोल ओढा. लोक त्याचे फोटो काढायला थांबतात, आम्हीही थांबलो. मी म्हटलं, "चावी द्या. इथून मी चालवते."

हे गप्प. मग म्हणाले, "गिअरची गाडी आहे. क्लच जड आहे."

अमेरिकेत बहुतेक गाड्यांना क्लच नसतो. माझ्याही रोजच्या गाडीला नाही. पण मी गाडी शिकले ती माझ्या भावाच्या वडापच्या जीपवर, खळ्यात, सोळा पोती ज्वारी मागं भरलेली असताना. मी म्हटलं, "बघते तरी."

पहिल्या चढाला गाडीनं दोन गचके खाल्ले. मग जमलं. आणि मैत्रिणींनो, भीती गेली. तोच रस्ता, तोच समुद्र, पण हातात चाक आल्यावर पोटातला गोळा उतरला. चौथ्या वळणावर शेजारून आवाज आला, "हळू." बघते तर ह्यांचा पाय खाली रुतलेला. मला इतकं हसू आलं की गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत घेऊन थांबावं लागलं.

तिथं धुकं आलं. त्या किनाऱ्याचं पाणी बारमाही गार असतं, म्हणून धुकं भसकन चढतं. छत ओढून घेतलं. वाऱ्याचा आवाज बंद झाला, गाडीत एकदम शांत. मी पुन्हा निघाले. दोन-तीन मैल गेल्यावर हे समोर बघत म्हणाले, "जानेवारीतच सांगितलंय त्यांनी. आमचा विभाग बंद होणार आहे."

चार महिने हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन जात होता आणि घरी काही बोलला नव्हता. माझ्या हातात चाक, पुढं वळण, त्यामुळं मला मान वळवून बघता येईना. तेच बरं झालं असेल. मी एवढंच विचारलं, "कधीपर्यंत?" ते म्हणाले, "ऑगस्ट." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. किती पैसे शिल्लक आहेत, मुलीची फी कशी भरायची, ह्या वयात दुसरीकडं कोण घेईल. पुरुषाच्या हातात काम असलं की तो कामाच्या आड बसतो. त्या दिवशी ह्यांच्या हातात काहीच नव्हतं, आणि समोरासमोर बसून बोलायचं नव्हतं, दोघांचे डोळे रस्त्यावर होते. मला वाटतं त्यामुळं बोलता आलं.

"राग आला नाही का?" हा प्रश्न वहीत नाही, पण तुमच्या मनात आला असेल. आला. तो मी मुक्कामाला पोचेपर्यंत धरून ठेवला आणि मग रात्री लॉजवर काढला. तुम्ही गटाच्या बैठकीत रुपया-रुपयाचा हिशोब वहीत मांडता, कुणी किती उचललं, कुणाचा हप्ता राहिला. घरच्या माणसानं सोसायटीचं किती कर्ज घेतलंय किंवा सावकाराकडं काय ठेवलंय, हे किती जणींना ठाऊक असतं? मी नोकरी करणारी, स्वतःचं खातं असणारी, आणि मला चार महिने पत्ता नव्हता. त्या रात्री लॉजच्या वहीच्या कागदावर आम्ही घराचा सगळा हिशोब लिहिला. वीस वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी मिळून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅन सिमियनच्या जवळ वाळूवर हत्ती-सील पाहिले. म्हशीपेक्षा मोठी जनावरं, शेकड्यानं लोळत पडलेली. एप्रिलमध्ये माद्या तिथं कात टाकायला येतात, अंगावरची केसाळ कातडी सोलून निघते. निळी जाकिटं घातलेले स्वयंसेवक माहिती सांगत होते. हिवाळ्यात मादी वितते, आणि पिल्लाला साधारण महिनाभर पाजते, त्या काळात स्वतः काही खात नाही. तीस-पस्तीस किलोचं पिल्लू महिन्यात सव्वाशे किलोच्या वर जातं, आणि ही बरीच वाळून समुद्रात परतते. आमचे हे म्हणाले, "बाप कुठं असतो?" मी म्हटलं, "असेल कुठंतरी, न सांगता."

खर्चाचं विचारलंय. लॉज चार रात्री, रात्रीचे सरासरी १३० डॉलर. पेट्रोल साधारण १२० डॉलर. दशम्या, चटणी घरूनच नेली होती, तरी बाहेर जेवलो ते वेगळं. सगळे मिळून तेव्हाचे साठ हजार रुपये गेले. तिथल्या पगाराच्या मानानंसुद्धा ते थोडे नाहीत.

ऑगस्टात नोकरी गेली. सात महिने हे घरी होते, माझ्या पगारात भागवलं. मियाटा डिसेंबरात विकली, ते पैसे मुलीच्या फीला गेले. पुढं ह्यांना कमी पगाराची का होईना, नोकरी लागली. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही हिशोबाची वही उघडतो. कधी कधी त्यावरून भांडतोही.

शेवटी ज्या दोघींनी गाडी शिकण्याबद्दल विचारलंय, त्यांच्यासाठी. वय अठरा पूर्ण हवं. आधी शिकाऊ लायसन्स काढायचं, ते सहा महिने चालतं. ते निघाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. वयाचा आणि पत्त्याचा दाखला सोबत ठेवा. चारचाकी शिकायची असेल तर गिअरचीच शिका. उद्या ट्रॅक्टर, जीप, काहीही हाताशी आलं तरी अडणार नाही. ताई घड्याळ दाखवताहेत. राहिलेल्या प्रश्नांची उत्तरं मी वहीत लिहून देते, त्या बैठकीत वाचून दाखवतील.