उपचार संपल्यावर मनाची राखण
(हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आवणी झाली म्हणून कोणी भाताकडे पाठ फिरवीत नाही. बांध फुटला का, करपा आला का, हे पाहायला कापणीपर्यंत फेरी चालूच असते. मनाच्या आजाराचेही तसेच आहे. नैराश्यावर समुपदेशन झाले, गोळ्या घेतल्या, झोप लागू लागली, की आपण म्हणतो, सुटलो. पण राखण तेथूनच सुरू होते. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ते पुन्हा गाठते. यात त्या माणसाचा दोष नाही. ताप उलटतो, तसा हा आजारही उलटतो.

पहिली गोष्ट गोळ्यांची. "बरा झालो, आता गोळी कशाला?" असे पुष्कळ जण विचारतात. बरे वाटू लागल्यावरही साधारण नऊ ते बारा महिने गोळी चालू ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. पुढे ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी. आपल्या भागात भात-नागली निघाली की कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि गोळ्यांत खंड पडतो. म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून पुरेशा गोळ्या घ्याव्यात व चिठ्ठी सोबत ठेवावी. भगताकडे जायचे तर जावे, पण त्यासाठी गोळी सोडू नये.

दुसरी गोष्ट खुणांची. पहाटे फार लवकर जाग येणे, जेवण नकोसे होणे, बैलांना चारा घालायचाही कंटाळा येणे, बाजाराला जाणे टाळणे, दारू वाढणे. मागच्या वेळी आपली सुरुवात कोणत्या खुणेने झाली, ते कागदावर लिहून घरच्यांना दाखवून ठेवा. बदल बहुधा त्यांच्याच लक्षात आधी येतो. खुणा दोन आठवडे टिकल्या तर थांबू नका, दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट दिनक्रमाची. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. रोज थोडे तरी काम करावे, चार माणसांत बसावे, भजनाला, बोहाड्याला जावे. दारूने झोप लागते असे वाटते, पण ती झोप मोडते आणि उदासी वाढवते. अवकाळी पाऊस झाला, कर्जाचा हप्ता आला, की मनावरचा भार वाढतो. अशा वेळी एकट्याने हिशेब करीत बसू नये.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कीटकनाशक घरात उघडे ठेवू नका. कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. जीव देण्याचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली. पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

मदतीसाठी हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात विचारावे. २०२२ पासून शासनाची टेली मानस ही दूरध्वनी सेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत व मराठीतून बोलता येते. असा विचार मनात आला तर सकाळची वाट पाहू नये.

शेवटी शेजाऱ्यांना एक विनंती. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला नाव ठेवू नका. पूर्वीसारखी कामाला हाक मारा. त्या हाकेचा त्याला फार आधार असतो.