चाचणी कोणाची?

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त हिमायतनगर येथे केलेले भाषण)



शिष्यवृत्तीचे अर्ज तपासताना आपली संस्था गुणपत्रिका पाहते. त्या गुणपत्रिका लिहिणारे आम्ही शिक्षकच. म्हणून आमचा एक कबुलीजबाब ऐकावा.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. घरी मराठी, गल्लीत दखनी, शाळेत इंग्रजी. ४१ आणि १७ यांतला ‘डिफरन्स’ काय, या प्रश्नाला त्याने उत्तर लिहिले, ‘एक मोठा, एक लहान.’ आम्ही शून्य दिले. पुढे सहज मराठीत विचारले, “एक्केचाळिसातून सतरा गेले, किती उरले?” तो तत्काळ म्हणाला, “चोवीस!” चाचणी गणिताची, अडला तो इंग्रजीत, आणि शिक्का बसला ‘गणितात कच्चा’ असा.

जाणत्यांनी हा धोका पूर्वीच ओळखला होता. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची चाचणी रचली, ती अधिक मदत लागणारी मुले हुडकण्यासाठी. व्ही. व्ही. कामत यांनी तीच आपल्याकडच्या मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला.

शालेय कौशल्यांचेही तसेच आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ साली सुरू झालेल्या ‘असर’ पाहणीत स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जातात, एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचावयास देतात. २०२४ साली ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या १०० मुलांपैकी सुमारे २३ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. सरकारची ‘परख’ पाहणीही ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या वर्गांत झाली. या पाहण्या मुलांचे नंबर लावीत नाहीत. शिकवणे कोठे अडले ते दाखवितात. म्हणजे चाचणी मुलाइतकीच आमचीही असते.

तेव्हा विश्वस्तांना आमची नम्र विनंती अशी की, लहान वर्गांतील अर्जदाराचे टक्के पाहून थांबू नये. कोणीतरी त्याला जवळ बसवून, त्याच्या घरच्या भाषेत, दोन ओळी वाचावयास व एक वजाबाकी करावयास सांगावी. अडला तर अर्ज बाजूला न सारता तेथूनच मदत सुरू करावी. ज्याला मदत हवी, त्यालाच गुण कमी पडतात.

त्या मुलाचे शून्य आम्ही खोडले. पण असे न खोडलेले किती राहिले असतील, हा विचार आम्हांस आजही सोडीत नाही.