कैदेतून परतलेल्यांचे बोल

तुमच्या गावात फौजेत राहून आलेले, युद्धात शत्रूच्या कैदेत दिवस काढलेले कोणी आजोबा आहेत का? असतील, तर आजचे हे चार शब्द जरा लक्ष देऊन ऐका.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत-अल-अमारा येथे ब्रिटिशांची हिंदी फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले. पुढे उन्हातान्हातून पायपीट आणि सक्तीची कामे. हजारो कैदी परतलेच नाहीत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आठवणींची पुस्तके लिहिली. पण आमच्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या शिपायाला लिहिणे कुठले येणार? त्याने ओटीवर बसून जे सांगितले असेल, ते बहुतेक त्याच्याबरोबरच गेले.

त्याच काळात जर्मनीत बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या छावणीत हिंदी कैदी होते. जर्मन पंडितांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रिकांवर उतरवून घेतले. १९१६ साली मल्ल सिंग या पंजाबी शिपायाने कर्ण्यासमोर उभे राहून देशातल्या लोण्याची आठवण काढली, घरी जायची आस बोलून दाखवली. ते बोल बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात आजही जपलेले आहेत. पण पंडितांना हवे होते भाषेचे नमुने. आवाज राहिला, हकीकत मात्र मिनिट-दीड मिनिटाचीच.

आपल्याला हकीकत हवी. १९६२ साली चीनच्या कैदेत पडलेले जवान आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. १९७१ चे सत्तरीपार. फार वेळ उरलेला नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम शाळेला जमण्यासारखे आहे. आधी आजोबांची परवानगी घ्या. मोबाईलवर आवाज घ्या. एकदम लढाईवर येऊ नका. घर, शेत, भरतीचा दिवस इथून सुरुवात करा. मग विचारा, कैदेत जेवायला काय मिळे? शेजारी कोण होता? घरी पत्र कधी पोचले? ते गप्प झाले तर गप्प बसा. ‘पुरे’ म्हणाले तर थांबा. त्यांची बोली सुधारू नका. पलटण आणि साल फौजेच्या कागदांवरून ताडून पाहा. नाव, गाव, तारीख लिहून एक प्रत घरी द्या, एक शाळेत ठेवा.

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी मुलांना घेऊन त्या ओटीवर जाऊन बसा.