अंगण न माखता फिल्टर



आमच्या दारात ट्रक असतो. डिझेलचा फिल्टर बदलतात घरचे पुरुष. सांडलेले पुसते कोण? गेल्या वर्षी सासूबाई त्या फरशीवरून घसरल्या, तेव्हा हे काम मी स्वतः शिकून घेतले.

इंजिन निवू द्यावे. खाली जुनी परात ठेवावी. स्वयंपाकातली नव्हे हो! तळाचा स्क्रू सैल करून आतले डिझेल आधी उतरवावे. मग फिल्टरवर जाड पिशवी चढवून तो पिशवीतूनच फिरवावा. उरलेसुरले तिच्यात पडते. जुने रबरी कडे वर चिकटलेले नाही ना, हे बोटाने चाचपावे. नव्या कड्याला डिझेलचे बोट लावून फिल्टर हातानेच आवळावा. मग हवा काढायची. स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबले की स्क्रू बंद करावा. आमच्याकडे सर्वांत जास्त सांडे ते इथेच, कारण स्क्रूखाली चिंधी धरायचे कोणाला सुचलेच नव्हते!

तरी सांडलेच तर पाणी ओतू नये, लाकडाचा भुसा टाकावा. परातीतले डिझेल मोरीत नको. डब्यात भरून गॅरेजवर द्यावे. चिंध्या चुलीपासून दूर.

परवा ह्यांनी फिल्टर बदलला नि परात आपण होऊन पुसली. शोधून मात्र मीच दिली.