रुग्णालयातील सुरक्षा-पाहणी आणि धोक्यांचे निवारण

(सुरक्षा प्रमाणपत्र परीक्षेस बसणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वर्गारंभी प्रशासकांनी केलेले भाषण)



परीक्षेतील प्रश्नांची तयारी आपले शिक्षक करून घेतीलच. आम्ही वाणिज्य शाखेचे. तांत्रिक विषयात आमचा अधिकार नाही. परंतु हिशेब तपासणीतील एक रीत येथे उपयोगी पडावी. वहीत शंभर पोती लिहिलेली असली तरी तपासनीस गोदामात जाऊन ती मोजतो. आपणही अग्निशामकावरील चिठ्ठीची तारीख वाचून पुढे जाऊ नये. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे काय, पिन व सील शाबूत आहेत काय, हे पाहावे. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाला सहसा काटा नसतो. त्याचे वजनच करावे लागते. आणि त्याच्यापुढे कोणी स्ट्रेचर तर लावून ठेवलेले नाही ना, हेही पाहावे.

दिनांक ९ जानेवारी २०२१ रोजी उत्तररात्री भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तेथे नव्वदच्या आसपास जीव गेले, ते बहुतांशी धुराने गुदमरून. वाहनतळासाठी असलेल्या त्या तळघरात पेट घेणारे सामान साठवलेले होते. अडगळ ही किरकोळ बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. मधले सहा महिने मात्र आपलेच असतात.

धोका दिसला की फलक लावण्याची आपल्याकडे सवय आहे. फलक हा सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत दुबळा उपाय. आधी धोका मुळातून काढता येतो काय, हे पाहावे, ते न जमल्यास आड काही उभे करावे, फलक त्यानंतर. ‘वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये’ असे भिंतीवर कितीही ठळक लिहिले, तरी टाकाऊ सुयांचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा दालनाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर घाईतली परिचारिका टोपण लावणारच. डबा हाताशी आणावा. प्राणवायूच्या झडपेला तेल वा ग्रीस लागता कामा नये, हे सर्वांना पाठ असते. पण त्या खोलीत तेलाची बाटली ठेवलेलीच नसावी, हे अधिक खात्रीचे.

देणगीदारांपाशी एक मागणे आहे. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, भिंतीतल्या तारेवर येत नाही. त्यामुळे तारांसाठी देणगी क्वचितच मिळते. जुन्या इमारतींची वीजवाहिनी दिवे आणि पंखे यांच्या हिशेबाने घातलेली असते. आज एकाच पाळण्याशी वॉर्मर, सिरिंज पंप, मॉनिटर आणि प्रकाशोपचाराचे यंत्र जोडले जाते, आणि बटणे पुरत नाहीत म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड येतो. नवे यंत्र देणाऱ्याने त्याच्या वाहिनीचा खर्चही धरावा, ही विनंती.

आप्तांनाही सांगणे आहे. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. खाटेभोवती तो थोडा जरी वाढला तरी चादर, केस, कापूस झपाट्याने पेटतात. उशाशी निरांजन वा उदबत्ती लावू नये, असे परिचारिकेने सांगितले तर राग मानू नये. श्रद्धेचा आम्हांस आदर आहे. देवघर तळमजल्यावर आहे.

परीक्षार्थींची पहिली फेरी रात्री २ वाजता निघेल. त्या वेळी माणसे सर्वांत कमी असतात, म्हणून ही वेळ. प्रत्येकाने आपल्या कक्षातून आपत्कालीन जिन्याने तळमजल्यापर्यंत उतरून जावे. वाटेत कुलूप लागले तर किल्ली कोणापाशी आहे, तो माणूस त्या क्षणी कोठे आहे आणि तो येईपर्यंत किती मिनिटे गेली, हे लिहून आणावे. कक्षाचा प्राणवायू बंद करण्याची झडप कोठे आहे आणि ती बंद करण्याचा अधिकार रात्री कोणाला आहे, हेही लिहावे. सोबत वही व विजेरी आणावी.