आहेराची वही आणि २१० पानं

आज लग्नाच्या खर्चाबद्दल बोलायचंय. मागच्या वर्षभरात ऑफिसमधल्या चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमचं लग्न साडेतीन लाखात कसं बसलं?" आणि पुढचा प्रश्न हळू आवाजात, "घरचे मानले कसे?" पहिल्याचं उत्तर एक्सेलमध्ये आहे. दुसऱ्याचं उत्तर एका वहीत आहे, आणि खरी अडचण तीच होती.

आधी जागा सांगते, म्हणजे संदर्भ लागेल. आमचं घर इतवारीत. नागपूरबाहेरच्यांसाठी: इतवार म्हणजे रविवार, त्या दिवसाच्या बाजारावरून पडलेलं नाव. आज सराफा इथे, किराणा इथे, आणि शेजारी गांधीबागेत कापडाचा ठोक बाजार. अर्ध्या विदर्भाचा लग्नाचा बस्ता या दोन-तीन किलोमीटरमध्ये निघतो. भंडारा, गोंदिया, वर्धा, कुठूनही लोक गाडी करून येतात आणि गठ्ठे बांधून नेतात. आमच्या गल्लीत लग्नसराई कॅलेंडरवर पाहावी लागत नाही, रस्त्यावरच्या गर्दीवरून कळते. अशा ठिकाणी राहून "आपण छोटं लग्न करू" म्हणणं म्हणजे हलवायाच्या घरी उपास.

बाबांचा पहिला अंदाज ७८० माणसांचा होता. लॉन, डेकोरेशन, बँड, सगळं धरून ११ लाखांच्या आसपास. त्यातले ६ लाख दुकानावर कर्ज काढून. आमच्या ताईच्या लग्नाचे हप्ते त्याच्या आदल्या दिवाळीत संपले होते. सात वर्षं. ते हप्ते घरात कसे जाणवतात हे मी कॉलेजात असताना पाहिलंय, त्यामुळे कर्ज नको ही माझी एकच अट होती. बाकी सगळ्यावर बोलायला तयार.

आता एक साधा हिशेब. आम्हाला आचाऱ्याचा दर पानामागे ४२० मिळाला. ७८० गुणिले ४२० म्हणजे ३,२७,६००. २१० माणसं केली की ८८,२००. फक्त जेवणात २,३९,४०० चा फरक. आणि माणसं कमी झाली की लॉनऐवजी हॉल चालतो, खुर्च्या कमी, पार्किंग कमी, मांडव छोटा. फुलांमध्ये दोन हजार वाचवायला लोक रात्र-रात्र भांडतात, पण यादीला कोणी हात लावत नाही. माझ्या मते लग्नाचं बजेट म्हणजे यादी. बाकीचं सगळं तिच्या मागे फरफटत येतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पत्रिका मोजू नका, माणसं मोजा. "सहकुटुंब सहपरिवार" लिहिलेली एक पत्रिका म्हणजे आपल्याकडे पाच माणसं, कधी सात. आपल्याकडे येतो-नाही येत कळवायची पद्धत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात मी आणि आतेभावानं प्रत्येक घरी फोन केला. आणि आचाऱ्याशी बोलताना कमीत कमी किती पानांचे पैसे द्यावे लागतील आणि जास्तीचं पान कोणत्या दराने, हे दोन्ही लिहून घ्या. तोंडी नको.

तर यादी. बाबांना मी सरळ म्हटलं, "बाबा, यातल्या तीनशे लोकांना मी ओळखतही नाही." बाबांनी कपाटातून आहेराची वही काढली. बऱ्याच घरांत असते ही. कोणत्या सालात कोणाच्या लग्नात आपण किती आहेर केला, त्यांनी आपल्याकडे किती केला. पंचवीस वर्षांचं लिखाण. बाबा म्हणाले, "पोरी, मी या लोकाइच्या घरी जेवलो ना. आता माह्या घरचं लग्न, अन् मी त्याइले बोलावू नको?"

याला उत्तर नाही हो. उधळपट्टी, दिखावा, असं म्हणून हे उडवून लावता येत नाही. बाबांसाठी ते देणं होतं. दुकानाची उधारी बुडवणं आणि हे, दोन्ही त्यांना सारखंच. छोट्या लग्नाचे व्हिडिओ बनवणारे लोक हा भाग गाळून टाकतात आणि आईबाबांना समजावून सांगा म्हणतात. काय समजावणार? त्यांना आपल्यापेक्षा जास्त समजतं.

बाबा ग्रामगीता वाचणारे. लग्नातल्या उधळपट्टीबद्दल तुकडोजी महाराजांनी त्यात स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे कर्जाचा मुद्दा त्यांना पटायला वेळ लागला नाही. अडलं होतं ते देण्यावर. मग आईनं तोडगा काढला. आई म्हणाली, "जेवायला नाही बोलावत तर आपणच जाऊ ना त्यांच्या घरी."

तसंच केलं. वहीतली १४० घरं निघाली. लग्नाच्या आधीचा दीड महिना, दुकान बंद झालं की बाबा आणि मी स्कूटरवर. सोबत संत्रा बर्फीचा अर्ध्या किलोचा डबा. डब्याला ३०० रुपये, एकूण ४२,०००. मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं होतं, तरी कधी कधी कानात मीटिंग आणि हातात बर्फी अशी अवस्था. प्रत्येक घरी बाबा सांगायचे की लग्न घरगुती आहे, मुलगी आशीर्वाद घ्यायला आली आहे, आणि आहेर घेणार नाही. दोन घरी तोंड वाकडं झालं. एका काकांनी स्पष्ट विचारलं, "दुकान बरं चालू आहे ना?" बाबा हसले, पण घरी येईपर्यंत बोलले नाहीत. बाकी घरी मात्र आम्हाला चहाशिवाय कोणी सोडलं नाही. बाबा बावीस वर्षांचे असताना उधारीवर माल कोणी दिला, हे मला त्या संध्याकाळींमध्ये कळलं. स्टेजवर उभं राहून ७८० लोकांशी हात जोडले असते तर यातलं एकही कळलं नसतं.

सासरकडे तुलनेनं सोपं होतं. यादी अर्धी-अर्धी, खर्च अर्धा-अर्धा, मानपानाच्या साड्या दोन्ही बाजूंनी बंद. त्या साड्या तशाही या कपाटातून त्या कपाटात फिरत असतात. वाचलेल्या पैशातून मी एकच चांगली घेतली, करवतकाठी टसर. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, आपल्या विदर्भातली विणकामाची जात, जीआय मिळालेली. पैठणी नाही म्हणून एका मावशीला हळहळ वाटली. वाटू दे. सोनं आईचं जुनं मोडून केलं. एवढंच सांगते, दागिन्यावरचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे, विचारायला लाजू नका.

आता विधी. लग्न आपलं वाटावं म्हणून लोक थीम शोधतात, हॅशटॅग शोधतात. मी शोधताना १८७३ पर्यंत मागे गेले. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न झालं, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचं. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च अगदी किरकोळ. पुढे १८८७ मध्ये जोतीराव फुल्यांनी या लग्नांसाठी मंगलाष्टकं छापली. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, वधू बायकांच्या हक्काचं वचन मागते. एकोणिसाव्या शतकात! आणि आपण अजून स्टेजवर मुके बसतो, मंगलाष्टकं दुसरेच कोणी म्हणतात.

आमचं लग्न सत्यशोधक पद्धतीचं नव्हतं. भटजी होते, अक्षता होत्या, आजीची इच्छा होती. फक्त सप्तपदीनंतर आम्ही दोघांनी माईक घेतला आणि पाच-पाच वाक्यं बोललो. दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांची जबाबदारी दोघांची, माझं नाव मी बदलणार नाही, असलंच. खर्च शून्य. आजीला ऐकू कमी येतं, तिनं मोठ्यानं विचारलं, "काय म्हणते ते?" आणि माझ्या नवऱ्याला ते वाक्य परत म्हणावं लागलं.

जेवणाला बुफे ठेवला नाही. २१० माणसं म्हणजे ७० च्या तीन पंगती. वडाभात, पाटोडीचा रस्सा, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. वाढायला चुलत-मावस भावंडं आणि ऑफिसची मंडळी. आमच्या बेंगळुरूच्या टीम लीडनं मठ्ठ्याची बादली घेऊन तिन्ही पंगती काढल्या. अन्न जवळजवळ उरलं नाही, कारण वाढणारा विचारून वाढतो.

तारखेचं पण सांगते. मोठ्या मुहूर्ताचा दिवस सोडून मंगळवारची सकाळ घेतली, हॉल बराच स्वस्त मिळाला. मे टाळा, नागपूरच्या उन्हात कूलरचं भाडंच वेगळं होतं. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या, करायचं असेल तर ३० दिवस आधीची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते, म्हणून हॉल आणि नोटीस यांच्या तारखा एकत्र ठरवा.

शेवटचा आकडा ३,३०,२०० आला, बर्फी धरून, सोनं सोडून. निम्मा माझ्या बचतीतून, निम्मा त्याच्या. बाबांनी त्यांचे पैसे द्यायचा फार आग्रह केला, तेव्हा बर्फी त्यांच्या नावावर घातली. ते १४० डबे त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं लिहिलेत, घरागणिक.