जाताना सैल, येताना घट्ट



आज बंदुकीबद्दल बोलायचं आहे; पण लढाईबद्दल कमी आणि चाचणीबद्दल जास्त. ठासणीची बंदूक तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल, बाकीच्यांनी निदान नाव तरी ऐकलं असेल. कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवाना काढून ठेवतात, ती हीच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी टाकायची, गजानं ठासायची, मागे टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. काडतूस मागून भरायची सोय सर्रास होईपर्यंत फौजाही अशाच बंदुकांनी लढत.

या बंदुकीत एक जन्मजात अडचण आहे. गोळी ज्या तोंडातून आत जाते, त्याच तोंडातून बाहेर येते. आत जाताना ती सैल हवी, नाहीतर ठासणार कशी? बाहेर येताना मात्र घट्ट हवी. सैल राहिली तर दारूचा वायू बाजूनं निसटतो आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत निघते. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल, तिकडे जाते. जाताना सैल आणि येताना घट्ट, हे एकाच गोळीकडून कसं साधायचं?

रायफलमध्ये तर घट्टपणा आणखी गरजेचा. तिच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात. लेथवर काम केलेल्यांना आटे काय ते सांगायला नको. फक्त स्क्रूचे आटे जवळजवळ असतात आणि रायफलचे फार लांब पिळाचे. गोळीनं त्यांना धरलं तर ती भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखीच सरळ राहते. धरलं नाही तर आटे असून नसून सारखेच.

सर्वात जुना उपाय म्हणजे नळीपेक्षा किंचित लहान गोल गोळी तेलकट फडक्यात गुंडाळून ठासायची. फडकं आटे धरतं, गोळी फडक्याबरोबर फिरते. शिकाऱ्याला हे चालतं. रांगेत उभ्या शिपायाला चालत नाही, कारण भरायला वेळ लागतो आणि चार-सहा बारांनंतर नळीत दारूचा मळ साचला की गोळी खाली उतरेनाशी होते.

दुसरा उपाय गोळीतच होता. कॅप्टन जॉन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1823 च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी करून पाहिली. दक्षिण भारतात फुंकनळीनं बाण मारणारे लोक बाणाच्या बुडाला मऊ भेंड लावत. फुंकर बसली की ते फुगून नळी बंद करी. त्यावरून त्याला हे सुचलं, असं सांगतात. फ्रान्समध्ये 1849 मध्ये मिनिए यानं अशाच गोळीच्या बुडात लोखंडी वाटी बसवली. बार उडाला की वाटी पुढे घुसते, मऊ शिसं बाहेर फुगतं आणि आटे पकडतं. आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट. कोडं सुटलं.

निदान कागदावर तरी सुटलं. खरंच सुटलं की नाही हे मैदानावर कळतं. आज जगात अनेक ठिकाणी हौशी नेमबाज उघड्या मैदानावर ठासणीच्या रायफलमधून वेगवेगळ्या गोळ्या तपासतात. एमएलएआयसी ही त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या 100 मीटरच्या दोन स्पर्धांची नावं मिनिए आणि व्हिटवर्थ अशी आहेत. अर्ध्या तासात 13 बार, त्यातले उत्तम 10 मोजायचे. या मंडळींची तपासायची रीत बघण्यासारखी आहे.

समजा, एकाच रायफलमध्ये तीन गोळ्या तपासायच्या आहेत: फडक्यातली गोल, बुडाशी पोकळ लांबट आणि भरीव लांबट. आधी गोळ्या तोलून घ्यायच्या. ओततानाच हवा अडकून आत पोकळी राहिली असेल तर ती गोळी वजनात हलकी भरते, ती बाजूला काढायची. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, म्हणजे हाताची थरथर मोजली जात नाही. दारूचं माप तेच ठेवायचं. दोन बारांमध्ये नळी पुसायची तर दर वेळी तशीच पुसायची. बदलायची ती फक्त गोळी.

एक फसवी जागा इथे आहे. सकाळी स्वच्छ नळीतून पहिल्या जातीच्या सगळ्या गोळ्या मारल्या आणि दुपारी मळक्या, तापलेल्या नळीतून दुसऱ्या जातीच्या, तर हाती काय येतं? गोळीचा फरक की मळाचा? म्हणून आलटून पालटून मारायचं. आणि तीन भोकं जवळजवळ पडली म्हणून नाचायचं नाही. तीन भोकं योगायोगानंही जवळ पडतात. दहा तशी सहसा पडत नाहीत.

मग वाचायचं. कागदावरचं भोक गोल नसून लांबट असेल, तर गोळी आडवी होऊन लागली, म्हणजे पुरेशी फिरली नाही. समोर जमिनीवर पडलेलं फडकं उचलून पाहायचं. जळालेलं किंवा फाटलेलं असेल तर गोळी आणि नळी यांचं जमलेलं नाही. पोकळ गोळी कडक मिश्रधातूची ओतली असेल तर ती फुगतच नाही, आणि दोष बिचाऱ्या आकाराला दिला जातो. गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, 60 इंचांत एक फेरा किंवा त्याहूनही सावकाश. लांब गोळीला 20 ते 30 इंचांत एक फेरा लागतो. त्यामुळे ‘सर्वात चांगली गोळी कोणती’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘या नळीला कोणती गोळी मानवते’ याला आहे.

हाच प्रश्न ब्रिटिश सरकारनं 1850 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर विचारला. त्यांची नवी रायफल होती 1853 ची एनफिल्ड. नळीचा व्यास 0.577 इंच, लांबी 39 इंच, पीळ 78 इंचांत एक फेरा. म्हणजे गोळी नळीतून बाहेर येईपर्यंत अर्धाच फेरा घेई. गोळी 530 ग्रेनची, आपल्या मापात साधारण 34 ग्रॅम.

ही रायफल आणखी सुधारता येईल का, हे बघण्याचं काम मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थकडे आलं. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ‘व्हिटवर्थ आटे’ म्हणतात ना, तेच हे व्हिटवर्थ. स्क्रूचे आटे सगळीकडे एका मापाचे असावेत, ही पद्धत त्यांनी 1841 मध्ये मांडली. आता बंदुकीचे आटे त्यांच्या हाती आले. त्यांच्या रशोमच्या घराच्या आवारात 500 यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली गेली, वारा लागू नये म्हणून. आत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी सगळे पडदे भेदून जाई आणि तिची वाट भोकांनी लिहिली जाई. शेवटच्या लक्ष्यावरून गोळी कुठे पोचली ते कळतं. पडद्यांवरून ती कशी गेली तेही कळलं.

त्यातून निघाली 0.451 इंच व्यासाची, षटकोनी नळीची, 20 इंचांत एक फेरा अशा पिळाची रायफल. गोळीचं वजन तेच, 530 ग्रेन. फक्त बारीक आणि लांब, म्हणून पीळ भराभर. एप्रिल 1857 मध्ये केंट परगण्यातल्या हाइथच्या लष्करी नेमबाजी शाळेत, मोकळ्या मैदानावर, दोन्ही रायफली समोरासमोर आल्या. 500 यार्डांवर गोळ्या समूहाच्या मध्यापासून सरासरी किती दूर पडल्या? एनफिल्डच्या 2.24 फूट, व्हिटवर्थच्या 0.37 फूट. एक सव्वादोन फूट आणि दुसरी साडेचार इंच. 1,100 यार्डांवर 8.04 आणि 2.62. 1,400 यार्डांवर व्हिटवर्थची 4.62 होती, एनफिल्डची मोजण्याजोगी राहिलीच नाही.

गंमत पुढे आहे. षटकोनी नळीसाठी षटकोनी गोळी केली होती. पण त्याच नळीतून मऊ शिशाची साधी लांबट गोळी मारली तर तीही फुगून षटकोन धरी आणि जवळपास तितकीच नेमकी जाई. बराचसा गुण बारीक व्यासाचा, लांब गोळीचा आणि भरधाव पिळाचा होता. गोळी तेवढी बदलून पाहिली म्हणूनच हे उमगलं.

तरीही सैन्यानं व्हिटवर्थ सर्रास घेतली नाही. ती महाग होती आणि बारीक नळीत मळ लवकर अडथळा करी. नेमकेपणाच्या परीक्षेत पहिली आलेली बंदूक शिपायाच्या दिवसभराच्या कामात तशीच पहिली येईल असं नसतं.

आता त्याच एप्रिल महिन्यात हिंदुस्थानात या. एनफिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी, त्यात दारू आणि गोळी. गोळीच्या बाजूच्या कागदाला चरबी लावलेली, म्हणजे ती सहज ठासली जाईल. दुसरं टोक दातांनी तोडायचं. ही काडतुसं हिंदुस्थानात न तपासता आणली होती असं नाही. 1853 मध्ये वेगवेगळ्या वंगणांची काडतुसं इथल्या हवेत टिकतात का ते बघायला पाठवली गेली. कलकत्त्याचा फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून इथल्या शिपायांनी ती महिनोन् महिने कमरेच्या पाकिटात बाळगली. 1855 मध्ये अहवाल गेले. वंगण वितळतं का, कागदात मुरतं का, सगळं पाहिलं होतं.

एक प्रश्न चाचणीत नव्हता: ही चरबी कुठल्या जनावराची? तो कुणाला सुचलाच नाही असंही नाही. 1853 च्या अखेरीस कर्नल टकर या अधिकाऱ्यानं लेखी कळवलं होतं, की जातिधर्माला बाधणारं वंगण यात नाही याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. पत्र पोचलं आणि फायलीत राहिलं. पुढे कलकत्त्यात काडतुसं तयार होऊ लागली, तेव्हाही कंत्राटदाराची चरबी कशाची, याची खबरदारी घेतली गेली नव्हती.

जानेवारी 1857 मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. महिनाअखेरीस सरकारनं शिपायांना स्वतःचं वंगण लावायची मुभा दिली. पुढे काडतूस दातांऐवजी हातानं तोडायचंही ठरलं. पण तोवर विश्वास गेला होता. 24 एप्रिलला मेरठमध्ये 90 पैकी 85 घोडेस्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. ती तर जुन्याच पद्धतीची होती, एनफिल्डची नव्हतीच. आता कुठल्याही काडतुसावर भरवसा उरला नव्हता. 9 मे रोजी त्यांना सगळ्यांसमोर बेड्या घातल्या आणि 10 मे रोजी मेरठ पेटलं. उठावाची कारणं अनेक, जमिनीची, राज्यांची, पगाराची. पण ठिणगी पडली ती चाचणीत न विचारलेल्या प्रश्नावर.

दुसरा न विचारलेला प्रश्न साधा होता, आणि तो इंग्रज शिपायांनाच नडला. एनफिल्डची गोळी 0.568 इंचांची, म्हणजे नळीशी फरक जेमतेम 0.009 इंच, मिलिमीटरचा पाव भागही नाही. तेवढ्यात कागदही मावायचा. इंग्लंडच्या ओलसर हवेत मळ मऊ राही. इथल्या कोरड्या उन्हात तो खडखडीत झाला, वंगण कागदात मुरलं आणि ऐन लढाईत गोळ्या ठासल्या जाईनात. शेवटी 1859 च्या सुमारास गोळीचा व्यास 0.55 इंचांवर आणला गेला. सैल गोळी फुगावी म्हणून बुडात लाकडी बूच होतंच. जाताना सैल, येताना घट्ट या कोड्याचं उत्तर इंग्लंडच्या हवेत एक होतं आणि हिंदुस्थानच्या उन्हात दुसरं.

मला यातून एवढंच सांगायचं आहे. लक्ष्यावरची भोकं खोटं बोलत नाहीत, पण तुम्ही जेवढं विचारता तेवढंच सांगतात. हाइथनं विचारलं, गोळी किती दूर नेमकी जाते. उत्तर इंचांत मिळालं. कानपूर-रंगूनला विचारलं, वंगण टिकतं का; तेही उत्तर मिळालं. गोळी दुसऱ्याच हवेत, दुसऱ्याच माणसाच्या हातात आणि दातांत जाणार होती, आणि त्याला कुणी विचारलं नाही.

औषध असो, बियाणं असो, मोबाइलमधलं नवं ॲप असो, ‘चाचणी झालेली आहे’ असं कुणी सांगितलं की तीन गोष्टी विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदलली होती का? किती बार मारले होते? आणि ज्याच्या हातात ही वस्तू जाणार, तो माणूस चाचणीच्या वेळी मैदानावर होता का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळतात. तिसऱ्याचं उत्तर घ्यायला कुणाला तरी उठून त्या माणसाकडे जावं लागतं. टकरसारखं पत्र फायलीत पडलेलं असेल, तर ते आधी वाचा.